डी५६०० च्या पुढे काय घ्यावं? (फ्लेमिंगो, नाटक, बजेट १ लाख २० हजार)

नेरूळ_पूर्व
सध्या निकॉन डी५६०० (आरशावाला) आहे, सोबत १८-५५ आणि ७०-३०० मिमी लेन्स, दोन्ही एएफ-पी (फोकसची मोटर लेन्समध्येच). मॅन्युअल, रॉ, एडिटिंग हे सगळं जमतं, त्यामुळे 'पहिला कॅमेरा कोणता' छापाचा धागा नाही हा. काम दोन प्रकारचं: डिसेंबर ते मे खाडीवरचे फ्लेमिंगो आणि चिखलातले किनारपक्षी, आणि हौशी नाट्यसंस्थेच्या रंगीत तालमी. वर्षातून एकदा पाडव्याची शोभायात्रा. व्हिडिओ अजिबात नाही.
डोक्यात चार मिररलेस (आरसा नसलेली) नावं आहेत: निकॉन झेड५० टू, कॅनन आर१०, सोनी ए६७००, नाहीतर जुना फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) झेड५. यातलं काय?

येऊरचा_वारा
ताई, कुठला ते नंतर. आधी आहे तो कॅमेरा नेमका कुठे अडतो ते शोधा. गेल्या मोसमातले फक्त ठेवलेले फोटो लाइटरूममध्ये किंवा डिजीकॅममध्ये (हे फुकट आहे) फोकल लेंग्थ, शटर आणि आयएसओ यांनुसार गाळून बघा. बहुतेक पक्षी ३०० मिमीवर टेकलेले असतील तर अडचण लेन्सची. ३०० वर आहेत पण डोळ्याऐवजी शेपटीवर फोकस आहे, तर बॉडीची. आणि उडत्या पक्ष्यांना शटर १/१६०० च्या बरंच खाली असेल तर कशाचीच नाही, ती सेटिंग आहे.

नेरूळ_पूर्व
गाळून पाहिलं. पक्ष्यांचे जवळपास सगळे ३०० वर. उडतानाचे बरेच १/६४० ला. तालमीचे फोटो ८५ ते १२० मिमीत, आयएसओ ६४०० आणि तरी अंधारे.

येऊरचा_वारा
मग शटरचं आजच निस्तरा, पैसे लागत नाहीत. शूटिंग मेनूत आयएसओ सेन्सिटिव्हिटी सेटिंग्जमध्ये ऑटो आयएसओ चालू, कमाल ६४००, किमान शटर १/१६००. मोड ए (छिद्र आपण ठरवायचं), फोकस एएफ-सी (हलत्या पक्ष्यामागे सतत फोकस), ९ पॉइंटचा डायनॅमिक एरिया. थवा उजळ आभाळावर असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +०.७ ते +१, नाहीतर गुलाबी पक्षी राखाडी येतात. उडत्या फ्लेमिंगोच्या पंखांची टोकं १/६४० ला पुसट येणारच.

खाडीपलीकडे
आता लेन्सचा हिशेब, कारण दुकानात हा कुणी करून देत नाही. सेन्सरवर पक्षी किती मिलिमीटर उंच पडेल? फोकल लेंग्थ गुणिले पक्ष्याची उंची, भागिले अंतर. लहान रोहित (छोटा फ्लेमिंगो) ०.८५ मीटर धरा, अंतर ६० मीटर.

तुमचा डी५६०० आणि ३०० मिमी: ४.२५ मिमी, म्हणजे चौकटीच्या उंचीच्या २७ टक्के, साधारण १०९० पिक्सेल.
झेड५० टू आणि त्याच्या किटमधली ५०-२५०: ३.५४ मिमी, २२ ते २३ टक्के, जेमतेम ८४० पिक्सेल.
सोनी ए६७०० आणि ७०-३५० जी: ३२ टक्के, सुमारे १३२० पिक्सेल.
कॅनन आर१० आणि आरएफ १००-४००: ३८ टक्के, १५२० पिक्सेल.
डी५६०० आणि जुनी निकॉन २००-५०० एफ/५.६: ४५ टक्के, १८१५ पिक्सेल.

दुसरी ओळ पुन्हा वाचा. नवा कोरा कॅमेरा, दोन लेन्सचं किट, आणि पक्षी आधीपेक्षा लहान! झेड५० टू चा सेन्सर २०.९ मेगापिक्सेलचा, तुमचा २४.२ चा. आयएसओ ६४०० ला जो दाणा आज दिसतो तोच तिथेही दिसणार. झेड५० टू मध्ये खरी सुधारणा आहे ती फोकसची: पक्षी ओळखून डोळ्याला चिकटणं, आणि सेकंदाला ५ ऐवजी मेकॅनिकल शटरवर ११ फ्रेम. ती मोठी आहे, नाकारत नाही. पण ८४० पिक्सेलच्या पक्ष्याचा डोळा कितीही अचूक पकडला तरी तो एक ठिपकाच.

माझं मत: आधी लेन्स, बॉडी मागून.

सानपाडा_लोकल
गणित बरोबर, पण वजन कुणी धरायचं? २००-५०० कॉलरसकट (ट्रायपॉडची कडी) २३०० ग्रॅम. डी५६०० चे ४६५ मिळवले की पावणेतीन किलो. आर१० चे ४२९ आणि आरएफ १००-४०० चे ६३५ मिळून १०६४ ग्रॅम. ऐरोलीच्या बोटीत ट्रायपॉड लावता येत नाही, लावला तरी इंजिनाची थरथर त्यातून वर येते. तासभर पावणेतीन किलो हातात धरून उडते पक्षी पॅन करून दाखवा.
शिवाय आर१० पक्षी ओळखतो, मेकॅनिकल शटरवर सेकंदाला १५ फ्रेम देतो. हातात धरून फिरणाऱ्याला याच्याइतकं सुटसुटीत दुसरं काही नाही.

खाडीपलीकडे
वजनाचा मुद्दा मान्य. पण आरएफ १००-४०० टोकाला एफ/८ आहे, म्हणजे छिद्र लहान, प्रकाश कमी. लख्ख उन्हात १/१६०० आणि एफ/८ ला आयएसओ ४०० पुरतो. सूर्योदयानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात प्रकाश तीन-चार स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे निम्मा प्रकाश) कमी असतो, म्हणजे आयएसओ ३२०० ते ६४००. एफ/५.६ ला तो निम्मा. आणि खाडीवर चांगला उजेड तेवढाच वेळ असतो. मार्चनंतर नऊ वाजले की चिखलावरची हवा तापून लहरते आणि ६०-७० मीटरवरचा पक्षी कुठल्याही लेन्सने विरघळल्यासारखाच येतो. लोक लेन्स सर्व्हिसला देतात, दोष हवेचा असतो. ओळखायची खूण: लागोपाठच्या दहा फ्रेममध्ये दोन धारदार, आठ मऊ, आणि प्रत्येकात मऊपणा वेगळ्या जागी.
दुसरं, आर१० वर जायचं तर ताईंच्या निकॉनच्या दोन्ही लेन्स विकाव्या लागतील. किट लेन्सना बाजारात भाव नाही.
आर१० वाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: १५ च्या वेगाने पूर्ण रॉ काढला तर बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) दोनेक सेकंदांत भरतो. सी-रॉ (दाबून लहान केलेली रॉ फाइल) निवडा आणि यूएचएस-टू (जास्त वेगाचं) कार्ड घाला.

तालीम_हॉल
पक्षीवाल्यांनी धागा पळवला. नाटकाचं बोलू.
तालमीचे फोटो अंधारे येतात कारण ७०-३०० ला ८५ मिमीवर छिद्र एफ/४.५ च्या आसपास असतं. तिथे ८५ मिमी एफ/१.८ जी लावली तर सव्वासहा पट प्रकाश आत येतो. जिथे आयएसओ ६४०० लागत होता तिथे १००० पुरतो. कुठलीही नवी बॉडी एवढा फरक देणार नाही, फुल फ्रेमसुद्धा नाही. ती एका स्टॉपपेक्षा थोडं जास्त देते, बस. रंगमंचापासून १० मीटरवर बसलात तर ८५ मिमीत आडव्या चौकटीत पावणेतीन मीटर रुंदी मावते, म्हणजे दोन पात्रांचा प्रवेश. उभ्या चौकटीत एक माणूस नखशिखांत. पूर्ण नेपथ्यासाठी तुमची १८-५५ आहेच.
घेताना एएफ-एस जी हेच नाव बघा. जुनी ८५ एफ/१.८ डी स्वस्त दिसते, पण डी५६०० मध्ये फोकसची मोटर नाही आणि निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्येही (जुन्या लेन्स झेड बॉडीला जोडणारा) नाही. दोन्हीकडे हाताने फोकस करत बसाल.

एक्स्पोजर मॅन्युअल: १/२००, एफ/२, आयएसओ १६०० पासून सुरुवात. मॅट्रिक्स मीटरिंग काळा पडदा बघून चेहरे जाळतं, म्हणून पात्राच्या चेहऱ्यावर स्पॉट मीटरिंग (तेवढ्याच ठिपक्याचा उजेड मोजणं). फोकस असिस्टचा दिवा आणि बीप बंद. प्लेबॅकमध्ये आरजीबी हिस्टोग्राम सुरू करा: लाल-निळ्या एलईडी पार्स दिव्यांखाली एकच चॅनल जळतो आणि साध्या पांढऱ्या हिस्टोग्रामला त्याचा पत्ता नसतो. नंतर चेहरा मेणाच्या पुतळ्यासारखा सपाट दिसतो आणि रॉमधूनही परत येत नाही.

नेरूळ_पूर्व
पण मिररलेसचा आवाज नाही ना? मुख्य आकर्षण तेच होतं. गडकरी रंगायतनला पुढच्या रांगेत बसून डी५६०० खटखटवणं बरं नाही वाटत.

तालीम_हॉल
आवाज नसतो तो इलेक्ट्रॉनिक शटरला, आणि त्याला एलईडी दिवे आवडत नाहीत. सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. तेवढ्यात दिवा शेकडो वेळा चालू-बंद होतो आणि फोटोवर आडवे पट्टे उमटतात. साध्या दिव्याची थरथर आपल्याकडे ५० हर्ट्झमुळे सेकंदाला १०० वेळा, ती १/१०० किंवा १/५० ठेवून टळते. रंगमंचाचे डिमरवाले एलईडी त्याहून कितीतरी वेगाने लुकलुकतात, तिथे ही युक्ती चालत नाही. जुने हॅलोजन असतील तर सायलेंट बिनधास्त वापरा. मिश्र प्रकाश असेल तर मेकॅनिकल शटर, आणि क्लिक संवादावर किंवा संगीतावर, शांततेत नाही. प्रयोगाला निर्मात्याची परवानगी नसेल तर कॅमेरा पिशवीतच बरा. तालमीला आवाजाची चिंता नसते.

पारसिक_बोगदा
इलेक्ट्रॉनिक शटरचा दुसरा त्रास पक्ष्यांमध्ये: उडते पंख केळीच्या पानासारखे वाकलेले येतात. कॅनन आर७ याबाबत जास्त बदनाम, ३२.५ मेगापिक्सेलचा सेन्सर हळू वाचला जातो. फ्लेमिंगोला मेकॅनिकलच.

ए६७०० वर कुणी बोललं नाही म्हणून: पक्षी उत्तम ओळखतो, बॉडीत स्टॅबिलायझेशन आहे, बॅटरी मोठी एनपी-एफझेड१००, अधिकृत आकडा साडेपाचशे फोटोंच्या पुढे. झेड५० टू चा अडीचशेच्या आसपास आहे, म्हणजे जादा बॅटरी लगेच घ्यावी लागते. पण भारतात ए६७०० ची बॉडीच १,३६,९९० ला आली होती. या बजेटला फक्त बघून घ्यावा असा प्रकार. ए६४०० बजेटमध्ये येतो. फोकस आजही चांगला, पण बॅटरी जुनी एनपी-एफडब्ल्यू५० आणि बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही.
झेड५ पक्ष्यांसाठी विसरा. सेकंदाला साडेचार फ्रेम. निव्वळ नाटक असतं तर म्हटलं असतं घ्या.

आता २००-५०० वाल्यांना माझी एक पाचर. डी५६०० मध्ये एएफ फाइन ट्यून नाही. आरशावाल्या कॅमेऱ्यात फोकस वेगळ्या सेन्सरवर मोजला जातो. लेन्स आणि बॉडीत थोडा जरी फरक असला तरी ५०० मिमीवर फोकस कायम दोन-चार इंच पुढे किंवा मागे. डी७२०० किंवा डी५०० मध्ये मेनूतून सुधारता येतं, तुमच्यात नाही. तपासायचं असं: कॅमेरा ट्रायपॉडवर, व्हीआर (हाताचा कंप सावरणारी लेन्समधली सोय) बंद, १० मीटरवर ४५ अंशात तिरपा लावलेला वर्तमानपत्राचा कागद, मधल्या ठळक ओळीवर मधल्या पॉइंटने व्ह्यूफाइंडरमधून पाच फोटो, प्रत्येक वेळी फोकस मुद्दाम बिघडवून. मग तेच लाइव्ह व्ह्यूमध्ये पाच. लाइव्ह व्ह्यूचे सगळे धारदार आणि व्ह्यूफाइंडरचे एकाच बाजूला घसरलेले असतील तर ती जोडी जुळत नाही. बॉडी आणि लेन्स दोन्ही सर्व्हिस सेंटरला एकत्र द्यावी लागतात. मिररलेसला ही भानगडच नाही, फोकस थेट सेन्सरवर.

खाडीपलीकडे
पाचर योग्य जागी मारलीत. म्हणूनच घेण्याआधी ही लेन्स एक दिवस भाड्याने आणा, मुंबईत मिळते. आपल्या बॉडीवर हीच चाचणी करा. लेन्स प्रत्येक वेगळी असते हे खरं, पण निदान वजन झेपतं का ते कळेल. पुढे झेड५० टू घेतलात की १२५ ग्रॅमचा एफटीझेड टू लावून २००-५००, ८५ आणि तुमच्या दोन्ही एएफ-पी लेन्स ऑटोफोकससकट चालतील. जुना पहिला झेड५० मात्र स्वस्त दिसला तरी घेऊ नका, त्यात पक्षी ओळखायची सोय नाही.

दिवाळे_कोळीवाडा
कॅमेऱ्याचं तुम्ही बघा, पण पक्षी ६० मीटरवर धरून चाललंय. ते अंतर पाणी ठरवतं. ओहोटीला पक्षी खाडीच्या चिखलावर पसरतात, लांब. भरतीला चिखल बुडाला की काठाकडे, नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवर येऊन बसतात. म्हणजे भरतीची वेळ सकाळच्या उजेडात पडायला हवी.
पंचांग असेल तर सोपं आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, दशमीला साडेसात, द्वादशीला ९. हे मुंबई बंदराचं. खाडीत आत पाणी थोडं उशिरा चढतं. आता यातली गोम: अष्टमी-नवमीला भांगेचं पाणी, भरती आली तरी उंची कमी, चिखल पुरता बुडत नाही आणि थवा जागचा हलत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण जोरदार, पण भरती बाराला, उजेड कडक. म्हणून दोन्ही पक्षांतल्या एकादशी-द्वादशीच्या सकाळी धरा. पाणी चढताना तासभर आधी जागेवर जाऊन बसा. पक्षी स्वतःहून जवळ येतात, आपण त्यांच्याकडे चालत गेलो की उडतात.
चतुर्थी-पंचमीची दुपारची भरतीही चांगली, पण नवी मुंबईच्या काठावरून खाडी पश्चिमेला. संध्याकाळी सूर्य थेट लेन्समध्ये, फक्त काळ्या आकृत्या मिळतील. संध्याकाळचा उजेड हवा तर भांडुपच्या बाजूला जायला लागतं.

सानपाडा_लोकल
हा प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हवा. पाणी नीट धरलं तर अंतर ३० मीटरवर येतं आणि मग ४०० मिमी भरपूर. म्हणजे पुन्हा आर१०!

खाडीपलीकडे
३० मीटरवर ताईंच्या ३०० मिमीतच ५४ टक्के मिळतात. मग काहीच घ्यायला नको. :-)

घणसोली_घर
लेन्स कुठलीही घ्या, बुरशीचं आत्ताच बघा. खाडीकाठच्या घरात पावसाळ्यात आर्द्रता ८० च्या वर असते, आणि २००-५०० झूम करताना लांब होते, म्हणजे दरवेळी बाहेरची दमट हवा आत ओढते. ड्राय कॅबिनेट ४० ते ५० टक्क्यांवर. तो परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिक डबा, तळाला अर्धा किलो सिलिका जेल, वर छोटा आर्द्रतामापक. ३० च्या खाली नेऊ नका, रबर आणि आतलं वंगण सुकतं. निळं जेल गुलाबी झालं किंवा नारिंगी हिरवं झालं की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास. रंगाचं जेल खाण्याच्या भांड्यात नको. चामड्याच्या किंवा फोमच्या बॅगेत लेन्स ठेवून जून ते सप्टेंबर कपाटात बंद करणं म्हणजे बुरशीची शेती.
एसी खोलीतून थेट बाहेर काढली तर काचेवर वाफ धरते. बंद बॅगेतच अर्धा तास बाहेर ठेवा, मग उघडा. वाफ धरलेली असताना लेन्स बदलायची नाही.

नेरूळ_पूर्व
सर्वांचे आभार, धागा वाचनखुणेत. ठरवलंय: आधी २००-५०० भाड्याने आणून कागदाची चाचणी. जुळली आणि वजन झेपलं तर जुनी २००-५०० आणि जुनी ८५ एफ/१.८ जी, उरलेले पैसे झेड५० टू साठी बाजूला. नाही झेपलं तर आर१० आणि १००-४००. फोर्टात बोरा बझारला जुनी लेन्स बघायला जाताना काय काय न्यायचं?

पारसिक_बोगदा
स्वतःची बॉडी, चार्ज केलेली बॅटरी, रिकामं कार्ड, प्रखर टॉर्च, लॅपटॉप जमल्यास.
मागच्या बाजूने टॉर्च तिरपा मारून पुढून बघा. धुळीचे चार कण चालतात, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे किंवा दुधी पापुद्रा दिसला तर परत द्या. या लेन्सचं छिद्र विजेवर चालतं, म्हणून ते बॉडीवर लावूनच तपासा: एफ/५.६, ८, १६ ला त्याच भिंतीचे फोटो, शटर कॅमेऱ्याने ठरवू दे. उजेड सारखा आला पाहिजे. एफ/१६ चा काळपट किंवा पांढराफटक आला तर छिद्राची यंत्रणा अडतेय.
५०० वर समोरच्या इमारतीच्या खिडक्या भरतील अशी चौकट, एफ/५.६, चारही कोपरे १०० टक्क्यांवर. एकच कोपरा मऊ असेल तर आतली काच सरकलेली आहे, म्हणजे पडलेली लेन्स. नॉर्मल आणि स्पोर्ट दोन्ही व्हीआर लावून कान लावा. बारीक गुणगुण ठीक, टकटक नाही. लेन्स खाली तोंड करून धरा. थोडी आपोआप लांबते, त्यासाठी २०० वर लॉक आहे, तो नीट बसतो का पाहा. पुढच्या ९५ मिमीच्या आट्यांवर चेपलेली जागा दिसते का तेही, तिथे फिल्टर चढत नाही.
पावतीवर, खोक्यावर आणि लेन्सवर एकच सिरियल नंबर हवा. मूळ खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपीचा स्टिकर नसेल तर तो ग्रे माल; इथली वॉरंटी कधीच नव्हती, भाव त्या हिशेबाने पाडून मागा. ८५ ला चाचण्या याच, फक्त भिंतीऐवजी जवळच्या माणसाच्या पापणीवर एफ/१.८ ला फोकस तपासा. तिथेही फाइन ट्यूनचीच गोष्ट लागू आहे.

नेरूळ_पूर्व
कार्डाचं राहिलं. डी५६०० ला यूएचएस-टू चा फायदा आहे का?

पारसिक_बोगदा
नाही, त्याचा स्लॉट यूएचएस-वन. पुढे झेड५० टू घेतलात की फरक पडेल. तोवर ६४ जीबीचं व्ही३० पुरे, आणि घरी आणल्यावर एचटूटेस्टडब्ल्यू हे कार्ड तपासायचं सॉफ्टवेअर लावून पूर्ण भरून तपासा. फुटपाथवरच्या कार्डावर ६४ लिहिलेलं असतं, आत असतात ८.